दारू सोडली, सात किलो उतरले, मग काटा का अडकला?

सांगलीच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी तो थोडक्यात सांगते. वय ४४, उंची पाच फूट सात इंच, स्वतःचं दुकान. पंधरा वर्षं रोज रात्री एक क्वार्टर, शनिवारी-रविवारी हात जरा सैल. सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांच्या मदतीनं पूर्ण सोडली. पहिल्या दोन महिन्यांत वजन ९८ वरून ९१ वर आलं. त्यानंतरचे चार महिने काटा ९० आणि ९१ च्या मध्येच घुटमळतोय. रोज सकाळी आमराईत पाऊण तास चालतात, रात्रीचा भात बंद केलाय. त्यांचं विचारणं असं: "माझं मेटाबॉलिझम बंद पडलंय का? थायरॉइड असेल का? मित्र म्हणतात, सोडून काय मिळवलंस? त्यांना काय सांगू?"

मी आहारतज्ज्ञ आहे. सुरुवात मिरजेच्या एका हॉस्पिटलात झाली, आता विश्रामबागेत स्वतःचं छोटं क्लिनिक आहे. या कामात एकोणीस वर्षं गेली. व्यसनमुक्तीचे उपचार करणारे डॉक्टर त्यांचे पेशंट पुढे आहारासाठी माझ्याकडे पाठवतात, त्यामुळे तुमचा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी समोर बसलेला असतो. बहुतेक वेळा शेजारी वहिनी बसलेल्या असतात, आणि खरं उत्तर त्यांच्याकडेच असतं. ते कसं, ते पुढे सांगते.

मित्रांचा प्रश्न आधी निकालात काढू, कारण मला काळजी त्याचीच जास्त वाटते. ९८ मधले ७ किलो म्हणजे सात टक्के. शरीराचं वजन पाच ते दहा टक्के उतरलं की यकृतातली चरबी, रक्तातली चरबी, साखर, रक्तदाब या सगळ्यांत फरक पडायला लागतो. दारूनं साठलेली यकृतातली चरबी तर दारू बंद झाली की काही आठवड्यांतच उतरू लागते, वजन उतरो न उतरो. सोडायच्या आधीचा रिपोर्ट घरात असेल तर त्यातले जीजीटी (यकृताच्या तपासणीतला आकडा) आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) हे दोन आकडे आताच्या रिपोर्टशी ताडून बघा. वजनकाट्याला ते दिसत नाहीत. शिवाय चार महिने वजन ९१ वर राहिलं याचा दुसरा अर्थ असा, की चार महिने ते परत चढलेलं नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत दारू सोडल्यावर चार-पाच किलो वाढवून आलेलेही पुष्कळ असतात.

आता काटा का अडकला त्याकडे येऊ. यासाठी थोडा हिशेब मांडावा लागेल. दुकानदार आहात, कंटाळणार नाही.

क्वार्टर म्हणजे १८० मिली. बाटलीवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. म्हणजे त्यात निव्वळ अल्कोहोल ७७ मिली, वजनात साधारण ६१ ग्रॅम. साखरेच्या एका ग्रॅमला ४ कॅलरी, तेलाच्या ग्रॅमला ९ आणि अल्कोहोलच्या ७. क्वार्टरच्या झाल्या ४२५ च्या आसपास. तुम्ही कशात मिसळून घेत होता ते लिहिलेलं नाही. कोल्ड्रिंक असेल तर २५० मिलीचे आणखी १०५ धरा. चखण्याचे मूठभर शेंगदाणे ३० ग्रॅम असतील तर १७० झाले. एकूण ७००. रोजचे ७०० म्हणजे आठवड्याचे ४,९००. शरीरातली एक किलो चरबी जळायला ढोबळमानानं ७,७०० कॅलरींची तूट लागते. त्या हिशेबानं दोन महिन्यांत पाच किलोच्या वर चरबी जायला हवी, आणि तुमची गेली. उरलेले दीड-दोन किलो बहुतेक पाणी होतं. खारवलेला चखणा आणि रात्री उशिराचं मसालेदार जेवण थांबलं की अंगात धरून ठेवलेलं पाणी सुटतं. हे पाणी लवकर जातं आणि एकदाच जातं. म्हणून पहिल्या दोन महिन्यांचा वेग पुढे कुणालाच टिकत नाही. तो वेग मनात धरून बसलात तर पुढचा प्रत्येक महिना नापासच वाटणार.

दुसरी गोष्ट, सात किलोचं ओझं उतरल्यावर शरीराचा रोजचा खर्चही कमी होतो. अंदाज असा, की दर किलोमागं रोजचा खर्च वीस-पंचवीस कॅलरींनी घटतो. सात किलोला दीडशे धरू. ज्याला तुम्ही "मेटाबॉलिझम बंद पडलं" म्हणताय ते एवढंच. सातशेतून दीडशे गेले तरी साडेपाचशेची तूट शिल्लक राहते. त्या तुटीवर महिन्याला दोन किलोच्या आसपास उतरायला हवेत, पुढं हळूहळू कमी. तुमचे उतरले शून्य. याचा अर्थ दारूच्या जागी रोज जवळपास तेवढंच दुसरं काहीतरी घरात शिरतंय. कुठल्या दारानं शिरतंय, ते शोधायचं.

इथं एक कबुली देते. हा हिशेब प्रत्येकाला असाच्या असा लागू पडत नाही. रोज भरपूर पिणाऱ्यांच्या शरीरात दारूतली सगळी ऊर्जा कामी लागत नाही, बरीचशी उष्णता होऊन वाया जाते. काही जण पिताना धड जेवतच नाहीत. बाटली रिकामी होते, ताट तसंच राहतं. अशांनी दारू सोडली की भूक परत येते, आणि ती यायलाच हवी. हडकुळ्या माणसाचं वजन दारू सोडल्यावर चार किलो वाढलं तर मी त्याचं अभिनंदन करते. तुमच्या बाबतीत सुरुवातच ९८ ची आहे म्हणून हिशेब असा मांडला. सातशेच्या जागी चारशे धरलेत तरी मुद्दा बदलत नाही.

माझ्या अनुभवात माशी शिंकते ती संध्याकाळी सात ते दहाच्या मध्ये. पंधरा वर्षं हे तीन तास एका कामानं भरलेले होते. दुकानाचं शटर ओढलं की पाय कुठं वळायचे, ग्लास कुणी आणायचे, शेंगदाणे कुणी, सगळं ठरलेलं. मेंदूला त्या वेळी काहीतरी बक्षीस मिळायची सवय लागलेली असते. दारू काढून घेतली तरी सात वाजायचे थांबत नाहीत. मग तोंड चाळवायला गोड किंवा खारं लागतं. गोडाची ओढ तर इतकी नेहमीची आहे, की पहिल्या भेटीत मी "गोड खाता का?" असं विचारतच नाही, "काय गोड खाता?" असंच विचारते.

तासगाव भागातले एक द्राक्षबागायतदार आले होते. दारू सोडून आठ महिने झालेले, वजन अडकलेलं, स्वतः वैतागलेले. म्हणाले, "मॅडम, बाहेरचं काही खात नाही. घरचा बेदाणाच तेवढा तोंडात टाकतो. सुकामेवाच की तो." माझ्या टेबलावर स्वयंपाकातला छोटा डिजिटल काटा असतो आणि कपाटात बेदाण्याची बरणी. त्यांना म्हटलं, नेहमी घेता तशी मूठ घ्या आणि यात टाका. शेतकऱ्याचा हात तो. आकडा आला ६४ ग्रॅम. मी विचारलं, दिवसातून कितीदा? ते म्हणाले, एकदा, फार तर दोनदा. शेजारी वहिनी होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, नुसती बोटं मोजायला लागल्या: बागेतनं आल्यावर चहाबरोबर, टीव्ही लागला की, आणि झोपायच्या आधी. तीन मुठी. १९२ ग्रॅम. बेदाण्याच्या शंभर ग्रॅमला साधारण तीनशे कॅलरी, म्हणजे पावणेसहाशेच्या आसपास. ते बराच वेळ काट्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "ही तर क्वार्टरच झाली की." मी म्हटलं, क्वार्टर आणि वर थोडी.

बेदाणा वाईट नाही. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे आणि मी स्वतः तो रोज खाते. पण द्राक्षातलं पाणी उडून गेलं की उरते ती बहुतांश साखर, आणि ती मुठीत किती मावते याचा अंदाज चांगल्या चांगल्यांना येत नाही. आम्ही त्यांची मूठ बंद केली नाही. चटणीच्या छोट्या वाटीत २० ग्रॅम मोजून दिले, त्यात तेवढेच फुटाणे मिसळले, आणि बरणी दिवाणखान्यातनं उचलून आतल्या खोलीत, वरच्या फळीवर गेली. अडीच महिन्यांत साडेतीन किलो उतरले. सगळं श्रेय वाटीला द्यायला मी तयार नाही, कारण मध्येच ऑक्टोबर छाटणी सुरू झाली आणि ते दिवसभर बागेत उभे होते. पण सुरुवात वाटीनंच झाली.

तुमच्या घरात बेदाण्याच्या जागी दुसरं काही असेल. मला सर्वांत जास्त सापडतो तो चहा. दारू सोडलेला माणूस चहावर येतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की त्याचं नवल उरलेलं नाही. दुकानात बसणाऱ्याला तर गिऱ्हाईक आलं की चहा, व्यापारी आला की चहा. घट्ट दुधाचा, दोन चमचे साखरेचा एक कप सत्तर कॅलरींच्या आसपास जातो. दिवसाचे सहा झाले तर चारशेच्या वर. सोबत खारी किंवा टोस्ट असेल तर त्याचे वेगळे. भडंगाचंही तसंच. चुरमुरे हलके म्हणून भडंग हलकं, असा आपल्याकडं गोड समज आहे. चुरमुरे हलकेच असतात. त्यांना जे तेल पाजलेलं असतं आणि वर जे शेंगदाणे असतात ते हलके नसतात. पाकीट फोडून मांडीवर घेतलं की शंभर ग्रॅम कधी संपले ते कळत नाही, आणि शंभर ग्रॅमला साडेचारशे-पाचशे कॅलरी धराव्या लागतात. उसाचा रस "नैसर्गिक" म्हणून पिणारेही भेटतात. ग्लासभर रसात पाच-सहा चमचे साखर तरी असतेच.

आणखी एक दार आहे, ते पटकन ध्यानात येत नाही. पूर्वी तुम्ही रात्री अकराला जेवत होता आणि चखण्यानं अर्धं पोट भरलेलं असायचं. आता घरी लवकर येता. घरातले खूश, म्हणून आल्या आल्या कांदाभजी किंवा शिरा समोर येतो. साडेनऊला सगळ्यांबरोबर पूर्ण जेवणही होतं. म्हणजे एकाची दोन जेवणं झाली. हे प्रेमानं झालेलं असतं, त्यामुळे कुणी बोलत नाही. एका वहिनींनी मला सरळ सांगितलं होतं, "ते पीत नाहीत ना, मग खाऊ देत की मनासारखं." त्यांचं चुकत नव्हतं. पहिल्या तीन महिन्यांत मीही असंच म्हणते.

ते का म्हणते, त्यामागं माझीच एक चूक आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत व्यसनमुक्ती केंद्रातून नुकताच बाहेर पडलेला एक पेशंट माझ्याकडं आला. मधुमेह, वजन शंभरच्या वर. मी पुस्तकात शिकल्याप्रमाणे १,२०० कॅलरींचा तक्ता हातात दिला. तो माणूस शिस्तीचा होता, तीन आठवडे अक्षरशः काट्यावर तोलून जेवला. चौथ्या आठवड्यात गावच्या जत्रेत प्यायला आणि मग पीतच राहिला. वर्षभरानं त्याची बायको वॉर्डात भेटली तेव्हा म्हणाली, "मॅडम, उपाशीपोटी त्याला सात वाजले की सोसवायचं नाही." भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळांना दारूची तलफ सर्वांत जोरात येते, हे व्यसनमुक्तीत काम करणारा कुणीही सांगेल. मी त्यातली एक वेळ स्वतःच्या हातानं तक्त्यात लिहून दिली होती. तेव्हापासून पहिले तीन महिने वजनाचा विषय मी काढतही नाही. तुमचे सहा झालेत, त्यामुळे आता हात घालायला हरकत नाही. पण उपाशी राहून नाही, आणि संध्याकाळी तर मुळीच नाही. हल्ली सोळा तास उपास करायची टूम आहे. दुपारी शेवटचा घास घेऊन सकाळपर्यंत कोरडं राहायचं, असा प्रकार तुमच्यासारख्यांनी करू नये. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कसलाही लांब उपास नको.

चालण्याबद्दल दोन शब्द. पाऊण तास चालता हे उत्तम आहे, सोडू नका. झोप, रक्तदाब, मन या सगळ्याला त्याचा उपयोग आहे. पण तुमच्या वजनाच्या माणसाला त्यात दीडशे-दोनशे कॅलरीच लागतात. आमराईतून बाहेर पडल्यावर मंडळी जिथं पोहे खायला थांबतात तिथं तुम्हीही थांबत असाल तर त्या प्लेटीत फेरी वसूल होते. आणि भात बंद केलात तो कशासाठी? वाटीभर भातानं कुणाचं वजन अडत नाही. रात्रीच्या ताटात भाताच्या जागी तिसरी भाकरी आली का, आणि भाजीच्या रश्श्यावर तर्रीचा थर किती असतो, हे आधी बघा. एक मोठा चमचा तेल म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी. महिन्याचं तेल माणशी अर्धा किलोच्या आत हवं. घरात महिन्याला किती किलो येतं आणि माणसं किती, हा भागाकार तुम्हीच करा. ढाब्यावर जाणं चालू असेल तर अख्खा मसूर खुशाल मागवा, फक्त वरचा बटरचा गोळा आणि तिसरी रोटी नको म्हणून सांगा. ढाब्यावर मित्रांबरोबर बसणं तुम्हाला कितपत झेपतं, हा मात्र वेगळा आणि जास्त महत्त्वाचा विचार आहे.

आता एक शक्यता अशीही आहे की तुमचं सगळं ठीक चाललंय आणि काटाच अर्धवट सांगतोय. वर्षानुवर्षं पिणाऱ्यांच्या अंगातले स्नायू झिजलेले असतात. जेवणात प्रथिनं कमी, शरीराला ती वापरता येत नाहीत आणि व्यायाम नाही. दारू बंद झाली, नीट जेवण आणि चालणं सुरू झालं की स्नायू थोडेफार परत भरतात. चरबी एक किलो गेली आणि स्नायू-पाणी मिळून एक किलो आलं, तर काटा हलणार नाही. पट्टा मात्र एक भोक आत जाईल. म्हणून वजनाबरोबर कमरेचा घेर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. शिंप्याची टेप चालेल. आपल्याकडच्या पुरुषांसाठी मर्यादा ९० सेंटिमीटर आहे. चार महिन्यांत वजन तसंच आणि घेर चार सेंटिमीटर कमी, असं निघालं तर तुमचं अडकलेलं नाहीच. असं प्रत्यक्षात होतं, फक्त लोकांना वाटतं तितक्या वेळा होत नाही. चार महिने एकाच आकड्यावर असाल तर मी आधी वाटी-चमच्यावरच संशय घेते.

थायरॉइडची तपासणी एकदा करून टाका, टीएसएच म्हणून साधी रक्ततपासणी असते. पण थायरॉइडनं वाढलेलं वजन सहसा दोन-चार किलोचं असतं आणि त्यातही पाणीच बरंच. दोन महिने झपाट्यानं उतरून मग थांबलेल्या वजनाचं कारण तिथं क्वचितच सापडतं.

गोळ्यांची नावं तपासा. झोपेसाठी किंवा मन शांत राहावं म्हणून दिलेल्या काही औषधांनी भूक वाढते. मिर्टाझापिन, ओलान्झापिन, क्वेटियापिन, व्हॅल्प्रोएट ही त्यातली. मधुमेहाच्या इन्सुलिननं, ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी आणि पायोग्लिटाझोननंही वजन वाढू शकतं. पण म्हणून यातलं एकही औषध स्वतःच्या मनानं बंद करायचं नाही. चिठ्ठी घेऊन ज्यांनी दिली त्या डॉक्टरांनाच विचारायचं, याला पर्याय आहे का. माझ्या एका पेशंटनं वजनासाठी गोळी बंद केली आणि दहाव्या दिवशी झोप उडाली. झोप उडाल्यावर काय आठवतं ते सांगायला नको.

झोपेवरून आठवलं. दारू सोडल्यावर झोप कित्येक आठवडे, काहींची काही महिने विस्कटलेली राहते. अपुऱ्या झोपेनं दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते, तीही गोडा-तेलकटाची. तुम्ही मोठ्यानं घोरत असाल, झोपेत श्वास थांबतो असं वहिनी म्हणत असतील, दुपारी दुकानात डोळे मिटत असतील, तर झोपेतल्या श्वासाची तपासणी थायरॉइडच्या आधी करा.

आता जरा गंभीर बोलते. पंधरा वर्षं पिणाऱ्याचं वजन अडकलं असेल तर त्यात पोटात पाणी साठलेलं नाही ना, हे एकदा डॉक्टरांनी हातानं तपासलेलं बरं. यकृत खराब असेल तर चरबी-स्नायू उतरतात आणि पाणी चढतं, काटा मात्र तोच आकडा दाखवत राहतो. हातपाय बारीक आणि पोट ताणलेलं, घोट्याजवळ बोट दाबल्यावर खड्डा पडून राहणं, डोळे पिवळे, शौचास काळं, बोलण्यात गोंधळ, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढणं, यातलं काहीही असेल तर आहारतज्ज्ञाकडं येऊ नका, त्याच दिवशी फिजिशियन गाठा. यातलं काही नसलं तरी लिव्हर फंक्शन, रक्तातल्या प्लेटलेट्स, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि पोटाची सोनोग्राफी एवढं सहा महिन्यांनी झालेलं असावं. मिरज जवळ असण्याचा एवढा तरी फायदा घ्या.

हे सगळं नॉर्मल आलं असं धरून पुढचं सांगते. तीन आठवडे काहीही कमी करू नका. फक्त लिहा. साधी वही, आणि त्यात संध्याकाळी सात ते दहा जे तोंडात जाईल ते, त्याच क्षणी. दिवसभराचं लिहायला गेलात तर चौथ्या दिवशी वही सुटेल, म्हणून तीनच तास. चहाचा एक आकडा मात्र दिवसभराचा हवा, शेजारी चमचे. वजन आठवड्यातून दोनदा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. रोज काट्यावर उभं राहायचं नाही. लोणचं-पापड जास्त झालं की दुसऱ्या दिवशी अर्धा-एक किलो पाणी दिसतं आणि माणूस उगाच खचतो.

वही भरत असतानाच एक भर घाला: साडेसहाला, दुकानातच, पोटात खरं अन्न जाऊ द्या. दोन उकडलेली अंडी, किंवा मोड आलेल्या मटकीची वाटीभर उसळ, नाहीतर भाजलेले फुटाणे आणि ग्लासभर ताक. शाकाहारी असाल तर दुपारच्या जेवणात वाटीभर घट्ट वरण किंवा दही वाढवा. दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम प्रथिनं पोटात गेली पाहिजेत आणि आपल्या भाकरी-भाजीच्या जेवणात ती सहसा जात नाहीत. लोकांना हे उलटं वाटतं, वजन कमी करायचंय आणि खायला काय देताय. पण सातला भरलेलं पोट भडंगाच्या पाकिटाकडं वेगळ्या नजरेनं बघतं, आणि बाटलीकडंही. आठवड्यातून तीनदा खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं दहा-दहाच्या दोन खेपा आणि भिंतीला हात लावून तितकेच जोर, एवढ्यानं स्नायूंची सुरुवात होईल. जिम नंतर बघू.

तीन आठवड्यांनी वहीत जे सर्वांत जास्त वेळा आलंय ते एकच उचला आणि निम्मं करा. चहा असेल तर सहाचे चार आणि दोन चमच्यांचा एक. बाकी तसंच. पुढचं दार महिन्यानं. महिन्याला एक ते दीड किलो उतरलं तरी मी खूश असेन. त्या चालीनं वर्षभरात तुम्ही ८० च्या जवळ पोचता. मध्येच दिवाळी येईल, घरात लग्न निघेल, काटा पुन्हा एक-दोन महिने थांबेल. तेव्हा पुन्हा वही काढायची, एवढंच.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी रोज पीत असेल आणि वजनासाठी उद्यापासून एकदम बंद करतो म्हणत असेल, तर थांबा. रोजची सवय झटक्यात तोडली की पहिल्या दोन-तीन दिवसांत थरथर, घाम, आकडी, भ्रम होऊ शकतो आणि तो जिवावर बेतू शकतो. आधी डॉक्टरांना भेटा. कुणाला विचारावं ते सुचत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

आणि तुम्ही, तीन आठवड्यांनी परत लिहा. कमरेचा घेर, चालू गोळ्यांची नावं, चहाचे आकडे आणि वहीतली कुठलीही एक शनिवारची संध्याकाळ जशीच्या तशी. भडंगाचं पाकीट किती ग्रॅमचं होतं तेवढं बघून टाका. आणि वही वहिनींना दाखवूनच पाठवा.